खाऊ-पिऊ शंकासमाधान : इस्तंबूलमध्ये जेवायला बसताना

प्रश्न : आम्ही दोघं इस्तंबूलला जातोय. मी सगळं खातो, बायको शाकाहारी. एकाच ठिकाणी दोघांचं नीट जेवण होईल का?

उत्तर : होईल, फक्त दुपारी ‘लोकांता’ शोधा. ही बाजारातल्या दुकानदार-कामगारांची खानावळ. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून मागायचे. साडेबारापर्यंत पोचा, उशीर झाला की चांगल्या भाज्या आधी संपतात. थोडंच हवं असेल तर ‘आझ’ म्हणा, लहान वाढप मिळतं.

बायकोसाठी गार पदार्थांचा विभाग. यांना ‘झेयतिनयाली’ म्हणतात : ऑलिव्ह तेलात शिजवून निवू दिलेल्या भाज्या. फरसबी, राजम्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. यांत सहसा मांस नसतं.

घोटाळा वांग्यात होतो. इमाम बायल्दी आणि कार्नियारिक, दोन्ही पोट चिरून भरलेली वांगी, लांबून जुळी भावंडंच. पहिल्यात कांदा-लसूण-टोमॅटो, ते गार मिळतं. दुसऱ्यात खिमा, ते गरम. वाफ दिसली तर थांबा आणि विचारा.

खरा धोका मात्र न दिसणाऱ्या मांसाचा. मसुराचं सूप आपल्या वरणासारखं दिसतं, पिलाव पांढराशुभ्र असतो, पण दोन्हींत मांसाचं किंवा कोंबडीचं पाणी घातलेलं असू शकतं. ‘एत सुयु वार मी?’, म्हणजे ‘मांसाचं पाणी आहे का?’, असं विचारा. एवढ्यावर थांबू नका. ‘एत’ म्हणजे बोलण्यात बहुधा मेंढी-गाईचं मांस. कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून ‘तावुक सुयु वार मी?’ हेही विचारा. ‘योक’ म्हणजे नाही, ‘वार’ म्हणजे आहे.

प्रश्न : मागच्या खेपेला एका ठिकाणी वेटरने तबकभर बशा आणल्या. लोणच्या-पापडासारखं जेवणाबरोबरच असेल म्हणून सगळ्या ठेवून घेतल्या. बिलात प्रत्येक बशीचे पैसे लागले! फसवलं का?

उत्तर : नाही. ते तबक म्हणजेच मेन्यू. मेहानेत, म्हणजे मद्य आणि मेझे (छोट्या बशांतले तोंडीलावण्याचे पदार्थ) मिळणाऱ्या ठिकाणी, गार मेझे असेच दाखवायला आणतात. दोघांना तीन-चार बशा पुष्कळ. त्यातली एक हायदारी घ्या, म्हणजे लसूण घातलेला घट्ट चक्का. बाकीच्या खुशाल परत पाठवा, कोणी रागावत नाही. मासा किंवा कबाब लगेच मागवू नका, बशा संपत आल्या की सांगा. मासा वजनावर असेल तर किलोचा भाव आधी विचारा आणि शिजवण्यापूर्वी समोर वजन करून घ्या. बहुतेक भांडणं इथेच होतात.

प्रश्न : आयरान म्हणजे आपलं ताकच ना?

उत्तर : जवळपास. दही, पाणी, मीठ. जिरं नाही, आलं-मिरची नाही. नुसतं प्यायलात तर खारट आणि सपक लागेल. मेंढीच्या खिम्यात तिच्या शेपटाची चरबी घालून केलेला तिखट अदाना कबाब खाताना घ्या, मग मीठ बरोबर वाटतं.