आधी गाव लिही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. भाषाशास्त्राची पदवी नसताना आखाजीची, म्हणजे खानदेशात अक्षय्य तृतीयेला म्हणतात ती, गाणी गोळा करण्याचा आपल्याला काय अधिकार, असे तू विचारतेस. परंतु सोबत पाठवलेल्या चौदा गाण्यांपैकी एकाखालीही गाव नाही, याची तुला खंत दिसत नाही. अधिकाराचे राहू दे. गाव लिही.

भारतातल्या भाषांचे सर्वेक्षण करणारे ग्रिअर्सनही पेशाने सनदी अधिकारीच होते. त्यांच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी बोली १९०७ साली छापली गेली ती मराठीच्या खंडात नव्हे, तर भिल्ली भाषांच्या जोडीला. हे वर्गीकरण आपल्याला पटो वा न पटो, त्यावर आजही वाद घालता येतो, कारण नमुना कोणत्या जिल्ह्यातला हे तेथे नोंदलेले आहे. माझ्या वह्यांवर वादसुद्धा घालता येत नाही.

पोस्टाच्या नोकरीत सायकलवरून हिंडताना मी ओव्यांच्या तीन वह्या भरल्या. 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी आणि जळगावकडच्या लेवा समाजाची लेवा गणबोली मी एकाच पानावर उतरवली. मला दोन्ही खानदेशीच वाटत. आसोद्याच्या बहिणाबाईंची बोली सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जाते, ती लेवा गणबोली आहे, हे मला फार उशिरा उमगले. एका प्राध्यापकांनी वह्या चाळून "हे कुठल्या गावचे?" एवढेच विचारले, आणि मी चिडून वह्या उचलल्या त्या कित्येक वर्षे फडताळात पडून राहिल्या. ते पंख्याखाली बसून विचारत होते, जात्यापाशी बसलेला मी होतो, आणि मी उतरवले नसते तर त्या ओव्या बायांबरोबरच गेल्या असत्या, असे मला अजूनही वाटते. पण गाव लिहायला काय लागत होते? एक ओळ.

तेव्हा गाव लिही, तारीख लिही आणि गाणारणीचे माहेर व सासर दोन्ही लिही. आखाजीला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, आणि तिच्या तोंडी कधी कधी सासरगावचे कडवे असते. ज्या गावात ऐकले तेथलेच ते मानलेस की फसलीस.

आणखी एक. सातव्या गाण्यात तू 'शे' खोडून 'आहे' केले आहेस. कोणी सांगितले होते? चाल तेथेच अडखळते, आणि पुढच्या ओळीचे यमकही त्या 'शे'वरच होते.

ते गाणे परत पाठवतो आहे. ज्यांच्याकडून ते ऐकलेस त्या आजींकडे पुन्हा जा, आणि श्रावणात कानबाईच्या सणाची गाणी सुरू होण्याआधी चौदाही गाण्यांखाली गाव घालून मला पाठव.