प्री-स्प्रेची परीक्षा एकविसाव्या दिवशी

प्रश्न : पुण्यात कार्यालये आणि छोट्या हॉटेलांमधील कार्पेट यंत्राने धुऊन देण्याचा आमचा व्यवसाय आहे. गेल्या काही महिन्यांत आम्ही तीन प्रकारचे प्री-स्प्रे, म्हणजे यंत्र फिरवण्याआधी मळ सुटावा म्हणून फवारायची द्रावणे, वापरली. त्यांपैकी एक तीव्र अल्कधर्मी, दुसरा एन्झाइमयुक्त आणि तिसरा ‘लोकरीसाठी सुरक्षित’ असे डब्यावर छापलेला सौम्य प्रकारचा आहे. कोणता चांगला हे ठरवायला गेलो की दर ठिकाणी निराळेच उत्तर मिळते. पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, जितका जास्त तितकी सफाई अधिक, असे विक्रेते सांगतात. तुलना नेमकी कशी करावी? — एक व्यावसायिक, पुणे

उत्तर : दर ठिकाणी निराळे उत्तर येते, कारण प्रत्येक वेळी केवळ प्री-स्प्रे बदलत नाही, त्याबरोबर इतरही बरेच काही बदलत असते. जर्मनीतील हेंकेल या कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईची क्रिया एका वर्तुळाच्या रूपात मांडली. रसायन, तापमान, घासणे आणि वेळ हे त्या वर्तुळाचे चार भाग असून त्यांतील एक कमी केला तर उरलेल्यांना ती तूट भरून काढावी लागते. एका ठिकाणी तुम्ही द्रावण फवारून पंधरा मिनिटे थांबलात आणि दुसऱ्या ठिकाणी कार्यालय उघडायची घाई असल्याने पाचव्या मिनिटाला यंत्र फिरवलेत, तर तुम्ही दोन प्री-स्प्रेंची नव्हे, दोन घड्याळांची तुलना केलीत.

म्हणून चाचणी एकाच कार्पेटवर, एकाच दिवशी आणि शक्यतो रहदारीच्या वाटेवर घ्यावी. आधी संपूर्ण भाग व्हॅक्यूमने नीट, सावकाश काढावा, कारण कार्पेटमधील मळाचा मोठा हिस्सा कोरडी माती आणि वाळू हाच असतो आणि ती ओली झाली की तिचा चिखल होऊन लवेच्या मुळाशी बसते. ही पायरी गाळून कोणताही प्री-स्प्रे चांगला किंवा वाईट ठरवणे अन्यायाचे आहे. त्यानंतर मास्किंग टेप लावून हातभर लांबीरुंदीचे चार चौकोन आखावेत. तीन चौकोनांत तुमची तीन द्रावणे डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच पातळ करून, मापाने मोजून फवारावीत आणि चौथ्यात केवळ तितकेच गरम साधे पाणी फवारावे. हा चौथा चौकोन बहुतेक जण आखतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पाण्याने जितके निघते तितकेच काम एखादा महागडा प्री-स्प्रे करत असेल, तर ते श्रेय तुमच्या यंत्राच्या ओढीचे आहे, द्रावणाचे नाही. चारही चौकोनांत ब्रशचे फटके मोजून सारखे द्यावेत, दहा ते पंधरा मिनिटे थांबावे, मध्ये द्रावण सुकू देऊ नये आणि यंत्राच्या खेपाही सारख्याच माराव्यात. शेवटी प्रत्येक चौकोनावर पांढऱ्या सुती फडक्याने सारख्या जोराने घासून फडक्यांवरचा मळ शेजारी ठेवून पाहावा. कार्पेट ओले असताना रंगावरून निकाल देऊ नये, ते पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावे.

आता पीएचविषयी. विक्रेत्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरालगतच्या कार्पेटवर जो तेलकट थर बसतो, तो अल्कधर्मी द्रावणाने खरोखर लवकर सुटतो, कारण अल्क चरबीचे काही अंशी साबणात रूपांतर करतो आणि उरलेल्या तेलाला सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी यांचा मेळ घालणारी द्रव्ये, पाण्यात तरंगते ठेवतात. परंतु पीएच हा केवळ तीव्रतेचा आकडा आहे, त्या द्रावणात मळाशी झुंजण्याइतकी क्षारता शिल्लक किती आहे हे तो सांगत नाही. पीएच १०.५ दाखवणारी दोन द्रावणे असू शकतात. त्यांतील एक तेलकट, आम्लधर्मी मळाचा स्पर्श होताच गळपटते आणि दुसरे शेवटपर्यंत टिकून राहते, कारण दुसऱ्यात त्या क्षारतेला आधार देणारे घटक पुरेसे असतात. शिवाय ही मोजपट्टी सरळ चढत नाही. ११ पीएचचे द्रावण १० पीएचच्या द्रावणापेक्षा दहापट तीव्र असते, तेव्हा ‘थोडासाच फरक’ म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हे. कार्यालयांतील टाइल्ससारखी चौकोनी कार्पेट बहुधा नायलॉनची असतात आणि त्यांवर डाग न बसण्यासाठी केलेली प्रक्रिया १० च्या वरच्या पीएचने हळूहळू निकामी होते. एका धुलाईत ते दिसत नाही. वर्षभराने चहाचा डाग पूर्वीसारखा निघत नाही म्हणून तक्रार येते, आणि तोवर कोणाला प्री-स्प्रे आठवत नाही.

एन्झाइमयुक्त द्रावणाला बहुतेक जण न्याय देत नाहीत. प्रोटीएज प्रथिनांचे, लायपेज चरबीचे आणि अमायलेज पिष्टाचे रेणू तोडतात, त्यामुळे सांडलेले दूध, अंडे, रस्सा अशा मळावर ते सरस ठरते. मात्र त्याला वेळ लागतो आणि ऊबही लागते. पाणी गार असेल तर ते सुस्त राहते आणि कढत पाण्यात मिसळले तर एन्झाइम कायमचे मोडतात. म्हणून हाताला चांगले गरम लागेल पण पोळणार नाही असे पाणी घ्यावे, आणि डब्यावर आकडा दिला असेल तर तोच पाळावा. घोळलेले द्रावण त्याच दिवशी वापरावे. तुमच्या तुलनेत एन्झाइमवाला मागे पडत असेल, तर ते काल सकाळी कालवलेले तर नव्हते ना, हे आधी पाहावे. कार्यालयातील कोरड्या, धुळकट कार्पेटवर मात्र त्याचा विशेष उपयोग नाही. तिथे एन्झाइमला तोडायला काही नसतेच.

इतके झाल्यावरही निकाल अर्धाच लागलेला असतो. चाचणीचे चौकोन पुसून न टाकता कार्पेटच्या कडेला लहान खुणा करून ठेवाव्यात आणि लोकांना नेहमीसारखे चालू द्यावे. तीन आठवड्यांनी, म्हणजे सुमारे एकविसाव्या दिवशी, तिथे परत जाऊन पाहावे. पहिल्या दिवशी सर्वांत उजळ दिसलेला चौकोन अनेकदा या वेळी सर्वांत काळवंडलेला आढळतो, कारण द्रावणाचा चिकट अवशेष लवेत राहून जातो आणि प्रत्येक बुटाच्या तळव्यावरची धूळ धरून ठेवतो. हे आधीच ओळखण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पातळ केलेले द्रावण चमचाभर काचेच्या बशीत घेऊन दोन दिवस वाळू द्यावे. तळाशी राहिलेला थर बोटाला चिकटला तर सावध व्हावे. तो खपलीसारखा कोरडा सुटला तर व्हॅक्यूमने तो निघून जाण्याची शक्यता अधिक असते. अमेरिकेतील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही उद्योगसंस्था सफाईद्रव्यांना मान्यता देताना मळ किती निघाला एवढेच पाहत नाही, तर ते कार्पेट पुन्हा किती लवकर मळते, रंगावर परिणाम होतो का आणि द्रावणात ऑप्टिकल ब्राइटनर आहे का, हेही तपासते. ब्राइटनर म्हणजे अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश परत टाकणारे द्रव्य. ते मळ काढत नाही, डोळ्याला उजळपणाचा भास घडवते आणि कालांतराने पिवळे पडू शकते. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा द्रावणावर धरला तर ते निळसर चमकून उठते. स्वच्छतेचे सोंग ओळखायला तो दिवा पुरेसा आहे.

किमतीची तुलना डब्याच्या किमतीवरून करू नये. समजा, ५ लिटरचा एक डबा १,५०० रुपयांना मिळतो आणि त्याचे एकास दहा प्रमाण सांगितले आहे, तर त्यापासून ५५ लिटर द्रावण होते आणि लिटरमागे सुमारे २७ रुपये पडतात. दुसरा डबा ३,००० रुपयांचा असला तरी एकास चाळीस प्रमाणात चालत असेल, तर २०५ लिटर द्रावण होऊन लिटरला १५ रुपयांहूनही कमी खर्च येतो. महाग डबा स्वस्त पडतो, अर्थात तुमच्याकडे कामाला असलेल्या मुलांनी डोळ्यांच्या अंदाजाने दुप्पट ओतले नाही तर. आणि जास्त ओतल्याने सफाई वाढत नाही, अवशेष मात्र वाढतो.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल असा. हॉटेलांच्या जेवणघरात एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे आणि घाई असेल तेव्हाच तीव्र अल्कधर्मी घ्यावे. कार्यालयांच्या नायलॉनवर सौम्य द्रावण वापरून वेळ आणि घासणे वाढवावे. अल्कधर्मी प्री-स्प्रेनंतर किंचित आम्लधर्मी पाण्याने खंगाळून काढण्यात कुचराई करू नये.

प्रश्न : आमच्याकडे भदोहीचा हाताने विणलेला लोकरी गालिचा आहे. नातवाने त्यावर दूध सांडले. सफाईवाला म्हणतो की दुधाला एन्झाइमच हवे. फवारू द्यावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. दूध प्रथिनयुक्त आहे हे खरे, पण लोकरही प्रथिनच आहे, आणि प्रोटीएज हे एन्झाइम दोहोंत भेद करत नाही. तीव्र अल्कही लोकरीला सोसत नाही, साधारण ८.५ पीएचच्या वर जाऊ नये. सफाईवाल्याला डबा दाखवायला सांगावे आणि लोकरीसाठी असलेले, प्रोटीएज नसलेले सौम्य द्रावणच वापरायला लावावे. त्याआधी गालिच्याच्या कोपऱ्यात प्रत्येक रंगावर, विशेषतः लालावर, तेच द्रावण थेंबभर टाकून पाच मिनिटांनी पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर काम थांबवावे. गालिचा खरोखर लोकरीचा आहे की ‘सिल्क’ म्हणून खपवलेल्या व्हिस्कोसचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या कृत्रिम धाग्याचा, हे कळण्यासाठी मागच्या बाजूचा एक सुटा धागा चिमट्याने धरून जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत दूर होताच ती विझते, व्हिस्कोस कागदासारखे भराभर जळते. व्हिस्कोस असेल तर ओली धुलाई करूच नये. काही वर्षांपूर्वी ही धाग्याची परीक्षा न करता मी स्वतः एक पायपोस भिजवला होता. वाळल्यावर तो जागोजागी पिवळा पडून राठ झाला आणि आजही आमच्या जिन्याखाली पडून आहे.

प्रश्न : एकाच कंपनीचा प्री-स्प्रे मुंबईत उत्तम काम देतो, पण आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या शाखेत त्याचा फेसही येत नाही आणि सफाईही होत नाही. माल बनावट असेल का? — एक हॉटेल व्यवस्थापक

उत्तर : मालावर संशय घेण्यापूर्वी पाण्यावर घ्यावा. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांचे मृदू पाणी मिळते. तुमच्याकडे हॉटेलचे काम बोअरच्या पाण्यावर चालत असेल, तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्री-स्प्रेमधील सर्फॅक्टंटना मळापर्यंत पोहोचण्याआधीच गुंतवून ठेवतात. फेस कमी येणे हा स्वतंत्र दोष नव्हे, कारण यंत्रासाठीची कित्येक द्रावणे मुद्दाम कमी फेसाची बनवलेली असतात, परंतु तोच माल मुंबईत फेस देत असेल तर ती खूण बोलकी आहे. एकाच डब्यातील द्रावण दोन बादल्यांत कालवावे, एकीत बोअरचे आणि दुसरीत आरओचे पाणी घ्यावे, आणि एकाच कार्पेटवर शेजारी शेजारी फवारून पाहावे. आरओच्या बादलीने काम चोख केले, तर कंपनीला पत्र लिहिण्याऐवजी प्री-स्प्रेपुरते मृदू पाणी वापरावे किंवा जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यासाठी ते क्षार बांधून ठेवणारी द्रव्ये घातलेला प्रकार मागवावा. दोन्ही बादल्यांनी सारखाच धोका दिला, तर मग डब्यावरची बॅच आणि तारीख तपासायला घ्यावी.