वाचकांचे प्रश्न : माल काट्यावर चढायच्या आधी

कराडला किराणा दुकान चालवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या स्तंभलेखिका या अंकात पिशवीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : माझं विट्याला किराणा दुकान आहे. कॅरीबॅग बंद केली की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू दे, समोरच्या दुकानात घेतो." चालू ठेवली तर दंडाची धास्ती. "कापडी पिशवी आणा" अशी पाटी लावली, ती कोणी वाचत नाही. काय करू?
– एक दुकानदार, विटा

उत्तर : भाऊ, तुमची धास्ती खोटी नाही. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात कॅरीबॅगवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि पावती फाटते ती बहुतेक वेळा दुकानदाराच्याच नावानं. त्यामुळे "मला दंड होईल हो" असं सांगून गिऱ्हाईक घरून पिशवी आणायला लागेल, ही आशा सोडा.

पाटीचंही तेच. दुकानात आलेल्या माणसाचे डोळे मालावर असतात. पिशवीचं बोलणं तोंडीच करावं लागतं, आणि ते कधी करता यावर सगळं अवलंबून आहे. आपण साखर तोलतो, डाळ तोलतो, साबण-चहा काढतो, सगळं काउंटरवर मांडतो, हिशेब करतो आणि मग विचारतो, "पिशवी आहे का?" त्या घडीला तो "नाही" म्हणाला की अडचण त्याची राहत नाही, आपली होते. मागे चार माणसं उभी, पुढे मालाचा ढीग. आपलाच हात खणातल्या कॅरीबॅगेकडे जातो.

म्हणून गिऱ्हाईक पायरी चढलं की यादी हातात घ्यायच्या आधी हात पुढे करा आणि म्हणा, "पिशवी द्या, त्यातच भरते." (तुम्ही "भरतो" म्हणा.) माल काट्यावर चढलेला नसतो तोवर त्याला गाडीच्या डिकीत बघायला, घरी फोन करून पोराला पिटाळायला किंवा तुमच्याकडची पिशवी घ्यायला सवड असते. माझ्या दुकानात यानं जो फरक पडला तो दुसऱ्या कशानंच पडला नाही. नेहमीची गिऱ्हाइकं तर थोड्याच दिवसांत दारातूनच पिशवी पुढे करायला लागली.

ज्याच्याकडे खरंच नाही त्याच्यासाठी ठेवीची पिशवी ठेवा. चांगल्या जाड कापडाची, खिळ्याला टांगलेली. २५ रुपये ठेव घ्या, वहीत नाव लिहा, पिशवी परत आली की ठेव परत. फुकट मात्र देऊ नका. फुकट आलेली पिशवी घरात गादीखाली जाते आणि पुढच्या वेळी माणूस पुन्हा मोकळ्या हातानं येतो.

आणखी एक, कारण बरेच दुकानदार इथेच चुकतात. "पिशवी आणणाऱ्याला दोन रुपये सूट" हा बेत ऐकायला गोड वाटतो, पण त्यानं फारसं काही होत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात याचा अभ्यास झाला आहे. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट बक्षीस देऊन लोकांच्या वागण्यात जवळपास फरक पडला नाही. तेच ५ सेंट दुकानातल्या पिशवीची किंमत म्हणून लावले, तेव्हा ती घेणाऱ्यांची संख्या चांगलीच घटली. आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट आकारणी लावली, ती बिलात वेगळी दिसेल अशी, आणि वापर ९० टक्क्यांच्या आसपास खाली आला. तेव्हा तुम्ही पिशवीचे पैसे साखरेच्या भावात मिसळू नका. बिलावर वेगळी ओळ टाका.

काउंटरवर भाषण करू नका. गाईच्या पोटातलं प्लास्टिक, समुद्रातलं प्लास्टिक, सगळं खरं आहे, पण घाईत असलेल्या बाईला ते ऐकवलं की तिला आपण तिचा अपमान केला असं वाटतं. कोणी आपणहून विचारलं तर जरूर बोला, आणि जवळचं बोला. मी आमच्या प्रीतिसंगमाचं सांगते. पावसाळ्यात कृष्णा-कोयनेचं पाणी चढून उतरलं की काठच्या झुडपांना पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या असतात. ते बघून माझ्या पोटात कालवतं, आणि हे मी गिऱ्हाइकाला तसंच सांगते.

राहता राहिलं समोरचं दुकान. त्याच्याशी एकदा बसून बोला. गल्लीतल्या दुकानदारांनी एकाच तारखेपासून बंद केलं तर कोणाचंच गिऱ्हाईक फुटत नाही. हे काम व्यापारी संघटनेचं आहे आणि ते तिच्याकडून करून घ्या.

प्रश्न : कपड्यांच्या, मिठाईच्या दुकानांतून रंगीत, कापडासारख्या पिशव्या मिळतात. घरात ढीग झाला आहे. त्या कापडीच ना? आणि सुती पिशवीलाही खूप पाणी लागतं असं वाचलं, मग खरं काय?
– एक गृहिणी, ठाणे

उत्तर : ताई, त्या कापडी नाहीत. एखादीची कड फाडून बघा. कापड असेल तर उभा-आडवा धागा निघतो. हिच्यात धागा नसतोच, नुसते केसासारखे तंतू सुटतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू तापवून, दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात. अंगावरची बारीक ठिपक्यांची नक्षी त्या दाबाचीच. ३० सप्टेंबर २०२१ पासून देशात चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांना परवानगी नाही. दुकानदार "कापडी आहे" म्हणून देतो तेव्हा त्याला हे जरूर सांगा.

पण ढीग फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या यंत्रणेनं २०११ मध्ये हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिक पिशवी एकदाच वापरली असं धरलं, तर हवामानावरच्या परिणामात तिची बरोबरी करायला ही न विणलेली पिशवी ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला पाणी, खत, सूत काढायला वीज, हे सगळं त्यात येतं. आठवड्याच्या बाजाराला एकच सुती पिशवी नेली तर अडीच वर्षांत १३१ फेऱ्या होतात, आणि चांगली पिशवी त्याहून कितीतरी जास्त टिकते. गटारात तुंबलेल्या किंवा गुरांच्या पोटात गेलेल्या पिशवीचं मोल मात्र त्या आकड्यात नाही. तेव्हा हौसेनं दहा नव्या सुती पिशव्या घेऊ नका. घरातली जुनी चादर, पडदा, पँट यांचीच शिवा. ते कापड तयार होऊन बसलेलंच आहे.

प्रश्न : आमचा बचत गट पिशव्या शिवतो. लोक कौतुकानं घेतात, पण बाजारात त्या दिसत नाहीत. काय चुकत असेल?
– बचत गटाच्या सदस्या, इचलकरंजी

उत्तर : माझ्याकडे गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन यायची, त्यातल्या कोणत्या पुन्हा पुन्हा यायच्या हे मी बघत होते. तोंड रुंद हवं. अरुंद तोंडाच्या पिशवीत दुकानदाराला पाच किलो आटा घालता येत नाही. १५ इंच रुंद, १६ इंच उंच आणि तळाला ४ इंचांची पट्टी, म्हणजे पिशवी उभी राहते आणि टोमॅटो खाली दबत नाहीत. बंद खांद्यात अडकतील इतके लांब ठेवा; त्यांना साडीचा काठ उत्तम. बंद नुसते वरच्या कडेला टाचू नका, तीन-चार इंच खाली आणून चौकोनी टीप मारा आणि मध्ये फुली मारा. पिशवी फाटते ती नेहमी तिथेच.

तुमच्या गावात मागाचं कोरं कापड सहज मिळतं, पण बेतण्याआधी ते धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पिशवी आटते. रंग गडद निवडा, बटाट्याची माती आणि हळद दिसत नाही. आणि आतल्या बाजूला एक छोटा खिसा शिवा, ज्यात अख्खी पिशवी घडी होऊन बसेल. पर्समध्ये मावली तरच ती बाजारात दिसेल.

प्रश्न : मासळीचं काय? कापडी पिशवीत बांगडे कसे आणायचे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कापडी पिशवीत आणूच नका. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. मावशींकडे इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर रिकामा डबा आधी त्यावर ठेवून शून्य करायला सांगा, म्हणजे डब्याचं वजन मासळीच्या भावानं मोजलं जात नाही. साधी तागडी असेल तर मासळी आधी तोलून मग डब्यात घ्या. घरी आल्यावर डबा बेसन लावून घासा, वास जातो. मटण, दही, इडलीचं पीठ यांनाही हाच डबा चालतो.