प्राहातल्या वाकड्या शिळा

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत युरोपच्या सहलीत प्राहाची (प्रागची) जुनी ज्यू दफनभूमी पाहिली. शिळा एकमेकींवर रेललेल्या, काही निम्म्या मातीत गेलेल्या. वर कुणीतरी खडे मांडून ठेवलेले. एवढ्या देखण्या शहरात या जागेची अशी आबाळ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आबाळ नाही हो! मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आजीची कबर इथलीच. शिळेवर वर हिब्रू, खाली मराठी. एकदा माती दिली की ती जागा त्या माणसाची, तिथं पुन्हा कुदळ मारायची नाही, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. प्राहाची दाटी याच नियमातून आली आहे.

तिथल्या ज्यूंना वस्तीची जागा बांधून दिलेली होती. दफनभूमीसाठी शेजारची जमीन अधूनमधून मिळाली, पण ती पुरेना. जुन्या कबरी उकरायच्या नाहीत, मग करायचं काय? त्यांच्यावर बाहेरून आणलेली माती टाकली आणि त्या थरात नव्यांना दफन केलं. खालच्यांच्या शिळा मात्र गाडल्या नाहीत, उचलून वर आणल्या. असे काही ठिकाणी दहा-बारा थर झाले. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिळा एकाच जागी उभ्या दिसतात, सुमारे 12 हजार. भरावाची माती खचते, तशा त्या कलतात.

सगळ्यात जुनी शिळा 1439 ची, कवी आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) अविगदोर काराची. 1389 मध्ये प्राहात ज्यूंची कत्तल झाली, त्यावर त्यानं विलापगीत लिहिलं होतं. शेवटचं दफन 1787 चं; सम्राट दुसऱ्या जोसेफनं शहरात दफनाला बंदी घातली होती.

घाईघाईच्या सहलीत शिळांवरची चित्रं निसटतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आशीर्वाद देणारे दोन पंजे दिसले तर तो कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. पाण्याची सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनीस घराण्यातला, कारण कोहेनांच्या हातावर पाणी घालायचं काम लेवींचं. 1613 मध्ये गेलेल्या दाविद गान्सच्या शिळेवर चक्क हंस कोरलाय! गान्स म्हणजे जर्मनमध्ये पाळीव हंस. हा माणूस इतिहासकार आणि खगोलाचा अभ्यासक, टायको ब्राहे आणि केपलर या खगोलशास्त्रज्ञांच्या ओळखीचा. त्याच्या शिळेशी मी बराच वेळ उभी होते.

आणि ते खडे. आम्ही कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतो. कुणीतरी येऊन आठवण काढून गेलं, एवढीच त्याची खूण. 1609 मध्ये वारलेल्या, प्राहाच्या नामवंत रब्बी लोएव्हच्या कबरीवर सगळ्यात जास्त खडे असतात, फटींत नवसाच्या चिठ्ठ्याही असतात. ठाण्याच्या दफनभूमीच्या फाटकाजवळचा एक काळा खडा मी पर्समधून नेला होता. तो तिथंच ठेवून आले.