डिस्क १०० टक्के, पण दोषी प्रोसेस कुठंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पुन्हा तेच फोटो आलेत. मोबाईलवर काढलेला टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती सीपीयू, मेमरी, डिस्क वापरतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी), एका प्रोसेसच्या म्हणजे चालू प्रोग्रामच्या नावाभोवती लाल गोल आणि खाली "हा व्हायरस आहे का?". म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तरं देतोय. फोटोत एका क्षणाचाच आकडा असतो, पाच-दहा मिनिटं बघितल्याशिवाय कुठल्याही प्रोसेसवर एंड टास्क दाबू नका.

प्रश्न: टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधे सिस्टिम आयडल प्रोसेस ९६ टक्के सीपीयू खातेय. बंद कशी करू?

ती खात नाहीये, तेवढा सीपीयू रिकामा आहे.

प्रश्न: सर्व्हिस होस्ट नावाच्या साठ-सत्तर प्रोसेस आहेत. मित्र म्हणतो एक ठेव, बाकीच्या उडव.

मित्राचं ऐकू नका. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून रॅम साडेतीन जीबीच्या वर असेल तर बहुतेक सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजची पडद्यामागची कामं, वेगवेगळ्या होस्टमधे चालतात, त्यामुळे कोण किती खातंय ते सुटं दिसतं आणि एक पडली तर बाकीच्या पडत नाहीत. शंका असेल तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन बघा. विंडोजमधलं सिस्टिम३२ उघडलं तर ठीक, डाउनलोड्स किंवा टेंप उघडलं तर काही न करता जाणकाराला दाखवा.

प्रश्न: लिनक्सवर टॉपमधे (तिथला टास्क मॅनेजर) एक प्रोसेस ३८० टक्के दाखवतेय. बिघाड आहे?

नाही. तिथे प्रोसेसरचा एक कोर (स्वतंत्र काम करणारा भाग) म्हणजे १०० टक्के, चार कोर असले की ४०० पर्यंत जातं. विंडोज सगळे कोर मिळून १०० धरतं. आता त्या प्रोग्रामने इतकं राबणं बरोबर आहे का, हे ज्याने तो लावला त्यालाच विचारा.

प्रश्न: पाच वर्षांचा लॅपटॉप, साधी हार्ड डिस्क. डिस्क कायम १०० टक्के, पण यादीत कुणीच एक एमबीच्या वर नाही. मेमरी ५५ टक्के. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा. महिनाभर असंच चाललंय.

महिनाभर का थांबलात? आधी बॅकअप घ्या, आज, आणि मग पुढचं वाचा.

तो १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ गुंतलीये, किती डेटा हलला ते नाही. बँकेच्या खिडकीवर कॅशियर सकाळपासून एकच फाटकी नोट निरखत बसलाय, त्याला क्षणाची फुरसत नाही आणि रांग मात्र हलत नाही, तसं. डिस्कवरचा खराब सेक्टर, म्हणजे बिघडलेला छोटा तुकडा, वाचला जात नाही, डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि यादीतल्या प्रोसेस नुसत्या रांगेत उभ्या असतात, म्हणून तुम्हाला दोषी सापडत नाहीये.

परफॉर्मन्स टॅबमधे डिस्कवर जा आणि अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघा. धड हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद लागतात, कामाच्या ताणात शंभर-दोनशेही होतात. पण स्पीड काहीशे केबी आणि रिस्पॉन्स सतत हजारांत असेल तर प्रकरण गंभीर आहे. एका हिशेबनीसांच्या ऑफिसात मार्चमधे मी ४,२०० मिलिसेकंद बघितले, स्पीड ०.३ एमबी, हिशेबाचं सॉफ्टवेअर नॉट रिस्पॉन्डिंग. दुकानातून रॅम टाकून झाली होती, फॉरमॅट करायचंही ठरलं होतं. म्हटलं आत्ता कॉपी करा, ते म्हणाले एकतीस मार्च होऊ दे. तीन एप्रिलला डिस्क दिसायचीच बंद झाली, आणि डेटा परत मिळाला तो अर्धामुर्धा.

दरवेळी डिस्कच मरते असंही नाही. लॅपटॉप सुरू केल्यावर अपडेट, डिफेंडरचं (विंडोजचा अँटीव्हायरस) स्कॅन, सर्चसाठी फाइल्सची यादी बनवणारं इंडेक्सिंग यानेही १०० होतं. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमधे कोण कुठली फाइल वाचतंय ते दिसतं, आणि हे सगळं थोड्या वेळाने शांत होतं. रॅम खरंच कमी असेल तर पेज फाइलमुळेही (रॅममधे न मावणारं डिस्कवर ठेवायची जागा) डिस्क राबते, पण मग मेमरी नव्वदच्या वर दिसेल, तुमची ५५ आहे, म्हणजे रॅम विकायचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. कधी नुसती केबल सैल असते. म्हणूनच बॅकअप झाल्यावर जाणकाराला दाखवा आणि स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद), आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतले ७ आणि १५३ नंबरचे डिस्कचे इव्हेंट बघायला सांगा. तोवर डिस्क तपासणारं चेकडिस्क नको, फाइल्स सलग लावणारं डिफ्रॅग नको, फॉरमॅट तर नकोच, आजारी डिस्कला त्याने आणखी राबवलं जातं. टकटक आवाज येत असेल तर बंद करा आणि सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

प्रश्न: पैसे भरून रॅम बूस्टर घेतलाय. बटण दाबलं की मेमरी ८० वरून ४५ वर येते. चांगला आहे ना?

काढून टाका. तो चालू प्रोग्रामची पानं, म्हणजे मेमरीतले डेटाचे तुकडे, रॅममधून बाहेर ढकलतो, आकडा खाली येतो, आणि लगेच तेच प्रोग्राम ती पानं परत मागवतात, तेही हळू. आकडा दाखवून पैसे काढायचा धंदा आहे हा. एखाद्या प्रोग्रामची मेमरी दिवसभर चढतच राहते आणि उतरत नाही असं असेल तर डिटेल्समधे कमिट साइझचा (प्रोग्रामसाठी राखलेली मेमरी) कॉलम लावा, दर तासाला आकडा वहीत लिहा आणि ती नोंद सॉफ्टवेअरवाल्याला पाठवा.

प्रश्न: पंखा जोरात फिरतो, टास्क मॅनेजर उघडला की लगेच गप्प.

विंडोजची स्वतःची देखभाल असू शकते, कंप्युटर रिकामा असताना ती चालते आणि तुम्ही माउस हलवला की थांबते. पण चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे, म्हणजे तुमचा कंप्युटर राबवून दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावणारे काही प्रोग्रामही टास्क मॅनेजर दिसला की लपतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर दुसरीच शक्यता आधी धरा, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन (विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालणारं) करा आणि खात्री होईपर्यंत त्यावर नेटबँकिंग करू नका. ऑफिसचा कंप्युटर असेल तर स्कॅनही स्वतः करू नका, आयटीवाल्यांना आजच कळवा.