आता मला ‘सिस्टर’ कोण म्हणणार?

प्रश्न : सिस्टर, सप्रेम सलाम. मी ३१ वर्षांची, खराडीत राहते. सात वर्षं आयटी कंपनीत होते. फेब्रुवारीत आमची अख्खी टीम कमी केली, तेव्हापासून घरी आहे. कुणी ‘सध्या काय करतेस?’ विचारलं की घशात आवंढा येतो. त्यात लहानपणापासूनचा दुसरा प्रश्न आहेच : ‘ख्रिश्चन? पण आडनाव तर मराठी!’ चर्चमध्ये मी अमक्यांची नात, बाहेर कुणीतरी परकी. चर्चच्या तरुण संघात सगळे सांगतात, बायबलमधलं यिर्मया २९:११ वाच, देवाची तुझ्यासाठी योजना आहे. रोज वाचते. योजना काही दिसत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या दोन मुलांना अपूर्णांक शिकवते, तेवढाच वेळ जातो. मी नक्की कोण आणि कशासाठी आहे, हे देवाकडून कळायचं कसं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुलाही सलाम, बाळा. पत्र वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. तुझा तो आवंढा माझ्या ओळखीचा आहे.

३४ वर्षं मी नर्स होते, शेवटची ११ वर्षं हाडांच्या वॉर्डची सिस्टर. रात्री तीनलाही कुणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायचं. ३१ मेला निवृत्त झाले. १ जूनला सवयीने पहाटे साडेचारला उठले, चहा टाकला, साडीला लावायच्या पिनांची डबी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. जायचं कुठे? आता मला सिस्टर कोण म्हणणार? मी देवाचं लेकरू आहे हे संडेस्कूलपासून पाठ होतं, पण त्या सकाळी त्याचा मला काडीचा आधार वाटला नाही.

त्या पावसाळ्यात एका रविवारी शास्त्रपाठ होता बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा तिसरा अध्याय, जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलतो तो. मोशे बघ. जन्म इब्र्यांच्या घरी, वाढला मिसरच्या राजाच्या, फारोच्या राजवाड्यात, आणि आता मिद्यानात सासऱ्याची मेंढरं राखतोय. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. वय ८० च्या घरात. देव त्याला फारोकडे पाठवतो तेव्हा तो विचारतो, असा मी कोण? हे मी शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं, की देव त्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही. तू इब्री आहेस, तू राजवाड्यात शिकलेला आहेस, असं काहीही म्हणत नाही. म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. एवढंच. त्यानंतरचा पाळकसाहेबांचा उपदेश माझ्या कानावर पडलाच नाही. माझ्याबरोबर जो होता तो ३१ मेनंतरही होता, आणि मी त्याची होते. उभं राहायला मला तेवढी जागा पुरली.

आडनावाचं म्हणशील, तर फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे ख्रिस्ताची कथा, १६१६ साली छापलं गेलं, मराठी ओवीत. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि तुकोबांचं ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मानलं. त्यांची भजनं आपण अजून म्हणतोच ना? विचारणाऱ्याला हे शांतपणे सांग. परकी असल्यासारखी मान खाली घालू नकोस.

आता यिर्मया. ते वचन आपण कॅलेंडरवर छापतो आणि त्याच्या आधीच्या ओळी सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला धाडलेलं, तिथे कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना. दहाव्या वचनात मुदत सांगितली आहे ७० वर्षांची. वाचणाऱ्यांतल्या किती जणांना परतीची वाट दिसणार होती? मग तोवर करायचं काय? पाचव्या वचनापासून वाच. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शिवाय हे सगळं अख्ख्या लोकांना सांगितलं आहे. एकट्या माणसाच्या हातात नकाशा दिलेला नाही. तू मात्र एकटीच तो शोधत बसली आहेस.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. केडगावची जमीन घेतली ती सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून, फळझाडं लावायला. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना आसरा देणारं मुक्ती मिशन त्याच जमिनीवर उभं राहिलं. झाडं लावताना हे त्यांना कुठे ठाऊक होतं? एकदा दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन ये.

माझा मळा फार लहान निघाला. गुरुवार पेठेत आमच्या गल्लीत एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. मधुमेह असल्याने त्यांची नखं कापायला सुनेला भीती वाटायची. मी जाऊन पाय धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, नखं सरळ कापली. मग दर पंधरा दिवसांनी जायला लागले, त्या जाईपर्यंत पाच वर्षं. त्या मला सिस्टर म्हणत नसत, नावाने हाक मारत.

नोकरीसाठी अर्ज करणं थांबवू नकोस. घर चालवायला पगार लागतो, आणि त्यासाठी मीही प्रार्थना करते आहे. आणखी एक, हे नर्स म्हणून सांगते : झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि असे दोन-तीन आठवडे गेले असतील, तर डॉक्टरांना भेट. त्याने विश्वास कमी पडत नाही.

‘तेवढाच वेळ जातो’ ही तुझी ओळ मला खटकली. झुडपातून देवाने हाक मारली ती नाव घेऊन, दोनदा : मोशे, मोशे. कबरेपाशी मग्दालिया मरियेने उठलेल्या प्रभू येशूला ओळखलं तेही त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा. तुझ्या पत्रात त्या दोन मुलांची नावं नाहीत. पुढच्या पत्रात कळव, आणि त्यांचं कुठे अडतंय तेही लिही. छेद समान करताना अडत असतील तर एक भाकरी घे आणि तिचे तुकडे करून दाखव. माझ्या नातवाला तसंच समजलं.