गोळ्या चालू असूनही आवाज येतात, मग जगायचं कसं?

तुम्ही विचारलंय की स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन वर्ष झालं, गोळ्या वेळेवर घेता तरी आवाज पूर्ण बंद होत नाहीत, मग आयुष्यभर असंच का. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, १७ वर्षं झाली, सांगलीत मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसतो. माझेही पूर्ण गेले नाहीत. पण आधी घरभर धिंगाणा होता, आता शेजारच्या घरात टीव्ही लागल्यासारखं आहे.

माझ्याकडे दोघं आहेत. एक पुरुष, पीटीच्या सरांसारखा दरडावणारा, आणि एक बाई जी माझ्याशी कधीच बोलत नाही, त्याच्याशी माझ्याबद्दल बोलते. "बघ, आता हा चहा सांडणार." आणि मग खरंच हात थरथरतो, चहा सांडतो आणि तो हसतो. सुरुवातीला मला वाटायचं वरचे भाडेकरूच बोलतायत, म्हणून आईला पुरावा दाखवायला एका रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, सकाळी ऐकलं तर नुसता पंखा. तेवढ्यात बाई म्हणाली, आपण कशाला रेकॉर्ड होऊ! आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. मग देवऋषी, अंगारा, उतारा सगळं झालं, दीड वर्ष त्यात गेलं, आईला दोष देत नाही, तिला कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डॉक्टरांच्या एका वाक्याचा. म्हणाले, आपण सगळेच मनात बोलतो, तुझ्या बाबतीत त्यावर 'हे माझंच' असा शिक्का बसायचा राहतो, म्हणून ते बाहेरून आल्यासारखं वाटतं. (सगळी कारणं अजून कळलेली नाहीत हेही तेच म्हणाले.) म्हणून आवाज वाढले की मी तोंड कामाला लावतो, गुणगुणतो, पाढे म्हणतो, गिऱ्हाईक नसेल तर वायरचे भाव मोठ्याने वाचतो. स्वतःचं तोंड चालू असताना त्यांचं बरंच दबतं. बाहेर असलो तर कानात इयरफोन घालून बोलतो, लोकांना वाटतं फोनवर आहे, आजकाल सगळेच रस्त्यात एकटे बोलत असतात त्यामुळे आपलं फावतं.

वाद घालू नका. मी वर्षभर भांडलो, एकदाही जिंकलो नाही. आता सांगतो, रात्री साडेआठला बोलू, आणि साडेआठला खरंच दहा मिनिटं गच्चीवर बसतो, बऱ्याचदा त्यांना काही बोलायचंच नसतं. घरात एक ठरवून ठेवलंय, मी बहिणीला विचारायचं "हाक मारलीस?" आणि तिने फक्त हो किंवा नाही सांगायचं, पुढे "काय वेड्यासारखं करतोस" नाही. एवढ्याने माझी निम्मी भीती गेली.

गोळ्यांचं सांगतो कारण इथे मी मार खाल्लाय. ओलान्झापिनने वजन १४ किलो वाढलं, बरं वाटत होतं, म्हणून कोणाला न सांगता बंद केल्या, दोन महिन्यांत झोप उडाली आणि पुढचं मला नीट आठवतही नाही, ॲडमिट करावं लागलं. वजन वाढलं तर डॉक्टरांशी भांडा पण गोळी स्वतः बंद करू नका. दोन औषधं पुरेशा डोसने, पुरेसे दिवस घेऊन फरक नसेल तर क्लोझापिनबद्दल विचारा, मला त्यानेच फरक पडला, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघायला सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, त्याची तयारी ठेवा. आणि सिगरेट ओढत असाल तर ते लपवू नका, धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही दोन्ही औषधं शरीरात लवकर संपतात, म्हणजे अचानक सिगरेट सोडली तरी औषध चढू शकतं, डोस बघावा लागतो. हे मला फार उशिरा कळलं.

झोप हा माझा मीटर आहे. सलग दोन रात्री चार तासांच्या खाली गेलो की मी तारखेची वाट बघत नाही, दवाखान्यात फोन करतो.

आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर वरचे उपाय करत बसू नका, त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पुण्याजवळ असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे पेशंट आणि नातेवाईकांचे गट बघा.

आत्ता हे टाइप करतानाही बाई त्याला म्हणाली, बघ, आता हा लोकांना शिकवायला लागला. तिचं बरोबर आहे, आणि शटरही उघडायचंय, नऊ वाजत आले.